कोब्याखालचं पाणी

चौतीस वर्षं हणमंतरावांनी एकच काम केलं, दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचं! आणि वर त्याचा त्यांना पगार मिळत होता. बेंगळुरातल्या एका मोठ्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. ते चष्मा कपाळावर चढवायचे, माप घ्यायचे आणि लाल खडूने त्यावर फुली मारायचे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, तर भाषणाला उभं राहून त्यांनी आधी शालीचा एक काठ दुसऱ्यापेक्षा अर्धं बोट रुंद असल्याचं सगळ्यांना दाखवलं.

अशा माणसाच्या घरी जमिनीवर विनाइल टाइल्स बसवायचं निघालं. पुढे काय झालं असेल याचा अंदाज करत बसू नका. चुकेल!

राजाजीनगरातलं हे घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पुढे फाटकाशी एक लांबट खोली. वीस वर्षं तिथे एक बुकबाइंडर भाड्याने होता. तो गेला आणि मागे उरला नुसता सिमेंटचा कोबा, त्यावर वीस वर्षांची खळ आणि डिंकाचे डाग. ही खोली आता त्यांच्या लेकीला, भूमिकाला हवी होती. भूमिका फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या धरलेल्या माना आणि आखडलेल्या कंबरा मोकळ्या करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सात वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबल्यावर तिने राजीनामा दिला होता. अक्षय्य तृतीयेला सकाळी दहा वाजता स्वतःचा दवाखाना सुरू करायचा, पत्रिका छापून झालेल्या, वाटूनही झालेल्या. मधे फक्त बारा दिवस.

चिकपेटच्या दुकानातून टाइल्स बसवणारा नागराज आला. त्याने टाचेने कोबा ठोकून पाहिला, बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ हणमंतरावांना दाखवली.

"सार, विनाइल म्हणजे पातळ कातडी. खाली जे असेल ते वर दिसणार. एक खडा राहिला तर टेंगूळ, एक खळगा राहिला तर पोकळ वाजणार. मला जमीन तीन गोष्टींची पाहिजे. साफ, सपाट आणि कोरडी. माझी माणसं पाठवू? चार दिवसांत करून देतील."

"माणसं?" हणमंतराव हसले. "अरे नागराज, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकी चूक मी नुसत्या नखाने ओळखलेली आहे. जमीन मी करतो. तू फक्त टाइल घेऊन ये. आणि येताना पाय पुसून ये!"

आतून रत्नाबाईंनी कपाळाला हात लावल्याचा आवाज आला. चौतीस वर्षं कारखान्याने त्यांना दिवसाचे आठ तास सांभाळलं, याबद्दल त्या कारखान्याला रोज मनातल्या मनात नमस्कार करत.

पहिले दोन दिवस तपासणीत गेले. हणमंतरावांनी सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी कोब्यावर आडवी, उभी, तिरपी ठेवली आणि खाली बॅटरी मारून उजेड कुठून झिरपतो ते पोटावर पडून पाहिलं. प्रत्येक उंचवट्याला लाल गोल, प्रत्येक खळग्याला लाल फुली. संध्याकाळी भूमिका दवाखान्यातून आली तर खोलीला गोवर झालेला!

"एकशे त्रेचाळीस दोष!" हणमंतराव अभिमानाने म्हणाले. "तुझ्या आजोबांच्या गवंड्याने फसवलं आपल्याला."

"अप्पा, दोष मोजून झाले असतील तर काढणार कधी?"

"उद्या. ग्राइंडर आणलाय."

तर ग्राइंडर. सिमेंट घासताना त्यावर पाणी सोडत राहायचं असतं, म्हणजे धूळ उडत नाही. पण पाणी कुठलं! एप्रिल महिना. नळाला आठवड्यातून दोनदा करंगळीएवढी धार. लेनमधल्या बोअरवेल होळीच्या आधीच आटलेल्या. दर चार दिवसांनी टँकर येऊन फाटकाजवळची जमिनीखालची टाकी भरायचा, आणि त्या टाकीच्या झाकणाची किल्ली रत्नाबाईंच्या कमरेला.

"एक तांब्या मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी चार दिवसांचं पाणी तीन दिवसांत उडालं. कोण एवढं पाणी सांडतं या घरात ते मला आधी कळू दे."

मग हणमंतरावांनी कोबा कोरडाच घासला. दार बंद केलं, तोंडाला पंचा बांधला आणि बटण दाबलं. खिडकीची एक काच तीन वर्षांपूर्वी फुटली होती हे त्यांच्या लक्षात आलं तोवर लेन दिसेनाशी झाली होती! वाळत घातलेल्या साड्या, मोटारी, इडलीचं पीठ, सगळं एका रंगाचं झालं. समोरच्या घरातले हंबीरराव, म्हणजे रहिवासी संघाचे अध्यक्ष, मिशांना नुकताच काळा रंग लावून बाल्कनीत वाळवत बसले होते. ते आत गेले तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांना क्षणभर सासरे समजून पदर घेतला.

पण कोबा? कोबा मात्र झाला आरशासारखा! हणमंतरावांनी खळगे भरले, भेगा बुजवल्या, तीनदा झाडू मारला. साफ झालं, सपाट झालं. राहिलं कोरडं.

कोरडेपणाची परीक्षा नागराजने सांगितली होती. प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस हात लावायचा नाही. खालून ओल येत असेल तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. थेंब दिसले तर टाइल बसवायची नाही. हणमंतरावांनी भूमिकाच्या नव्या तपासणीच्या टेबलावरचं प्लास्टिक काढून त्याचे चार चौकोन कापले, काटकोनात, आणि चिकटवले. दोन दिवस ते दाराशी खुर्ची टाकून बसले. माशी फिरकली तरी "हुश हुश" करत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाकून पाहिलं आणि तसेच वाकून राहिले. तीन चौकोन कोरडे ठणठणीत. भिंतीजवळच्या चौथ्यात मात्र थेंबच थेंब! भाताच्या झाकणाला आतून धरतात तसे.

मन त्यांना म्हणालं, पुसून टाक. कोणाला कळणार आहे? पण चौतीस वर्षांत नापास झालेला एकही तुकडा त्यांनी पुढे सरकवला नव्हता. त्यांनी नागराजला फोन लावला.

"सार, टाइल नको. उखडून येईल. आधी पाणी येतंय कुठून ते बघा. पाइप बघा, टाकी बघा. स्वल्प थांबू."

"थांबून कसं चालेल? सहा दिवस राहिलेत!"

फोन ठेवून हणमंतराव डोक्याला हात लावून बसले. लेकीला काय सांगायचं? तेवढ्यात फाटक वाजलं आणि हंबीरराव आत आले. हातात धुळीबद्दलचा तक्रार अर्ज, खाली एकोणीस सह्या, आणि मिशा पुन्हा काळ्या.

"अण्णा, शेजारी म्हणून मी आजवर काही बोललो नाही, पण..." आणि ते थांबले. त्यांची नजर प्लास्टिकवर गेली. "हे काय?"

"थेंब."

"कुठून आले?"

"खालून."

"खालून?" हंबीरराव गुडघ्यांवर बसले. प्लास्टिकला टिचकी मारली. थेंब ओघळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अण्णा, अख्ख्या लेनमध्ये हजार फुटांवरही पाणी नाही. आणि तुमच्या खोलीत ते वर येऊन दार ठोठावतंय!"

तक्रार अर्ज त्यांनी उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आठवून आठवून एक फोन नंबर लिहायला लागले. त्यांच्या माहितीचे एक अज्ज, म्हणजे आजोबा होते, येलहंक्याचे. तळहातावर नारळ ठेवून चालायचे. खाली पाणी असेल तिथे आडवा नारळ आपोआप उभा राहायचा. शेकडो विहिरी त्यांनी दाखवल्या होत्या म्हणे!

"नारळ?" हणमंतराव ताठ झाले. "हंबीरराव, मी शास्त्रीय तपासणीतला माणूस आहे. असल्या गोष्टी माझ्यासमोर चालणार नाहीत."

"मग तुम्हीच तपासा ना! तुमच्यापेक्षा मोठा तपासनीस आहे कोण?"

झालं! या एका वाक्याने घात केला.

दुपारी अज्ज आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, पिशवीत एक जुना गुळगुळीत नारळ. तो आडवा तळहातावर ठेवून ते खोलीत फिरू लागले. मधे काही नाही, दाराशी काही नाही. भिंतीजवळच्या कोपऱ्यात गेले, आणि नारळ गरकन उभा राहिला! हंबीररावांनी हात जोडले.

हणमंतरावांनी टेप काढला. भिंतीपासूनचं अंतर मोजलं, लिहिलं. "परत," ते म्हणाले. अज्ज परत फिरले. नारळ उभा. मोजलं. "डोळे बांधून." हंबीररावांनी उपरण्याने अज्जांचे डोळे बांधले. नारळ उभा! मोजलं. तिन्ही आकड्यांत फरक जेमतेम पाव इंचाचा.

हणमंतरावांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. कारखान्यातल्या परदेशी यंत्राने पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त चुका केल्या होत्या! मापात बसलेल्या गोष्टीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खिशातून लाल खडू काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा फुलीऐवजी बरोबरची खूण केली.

संध्याकाळी संघाची बैठक त्याच खोलीत भरली. तीसेक माणसं, दाराबाहेर आणखी. हंबीरराव बोलायला उठले. एक छोटा चाचणीचा खड्डा, दोन बाय दोन, तीन फूट खोल. पाणी लागलं की पुढे रीतसर परवानगी काढून मोठी विहीर. सगळ्या लेनला पाणी. आणि दारावर पाटी! "काय लिहायचं पाटीवर?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "हणमंतराव जलकेंद्र!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी जास्वंदीचा हार आणला. चौतीस वर्षं ज्याला बघून लोक टेबलाखाली माल लपवायचे, त्या माणसासाठी टाळ्या! हणमंतरावांना अशा कशाची सवयच नव्हती.

"खोदा!" ते म्हणाले. "खोली लेनची समजा!"

आणि नेमकी त्याच क्षणी दारात भूमिका उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत कामाच्या शेवटच्या दिवशी मैत्रिणींनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ.

लोक पांगले. बापलेक उरले.

"अप्पा, मी आज नोकरी सोडून आले."

"माहीत आहे गं. पण लेनच्या भल्याचा प्रश्न आहे. फक्त एक कोपरा जाईल. तुझं टेबल आपण तिरकं लावू."

"विहिरीशेजारी? पेशंटला काय सांगू, पाय जपून टाका, नाहीतर थेट पाताळात?" ती हसली नाही. "मी सात वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात उभी राहून काम केलं. माझी म्हणून एक जागा हवी होती. तुम्ही मला विचारलंही नाहीत आणि ती देऊन टाकलीत. हार घालून!"

"भूमी..."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

घरात लेक "ठीक आहे" म्हणाली की काहीही ठीक नसतं, हे हणमंतरावांना कळत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. हार काढून त्यांनी खुंटीला लावला. मग पुन्हा एकदा घालून आरशात पाहिलं, आणि स्वतःचीच लाज वाटून परत काढला. जेवताना रत्नाबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला, आमटी वाढली, पण शब्द एकही वाढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर येऊन टाकी काठोकाठ भरून गेला. त्याच्यामागून दोन खोदणारे पहार आणि घमेली घेऊन आले. खड्ड्याच्या जागेभोवती रांगोळी, हळदकुंकू. हंबीररावांनी नारळ फोडायला अज्जांचाच नारळ उचलला, तर अज्ज धावतच आले. "अय्यो, हा कामाचा नारळ! फोडायचा दुसरा आणा!"

आरशासारख्या कोब्यावर पहिली पहार पडली तेव्हा हणमंतरावांनी डोळे मिटले. एकशे त्रेचाळीस दोष त्यांनी स्वतःच्या हाताने काढले होते. आता एकशे चव्वेचाळिसावा, दोन बाय दोनचा, त्यांच्याच परवानगीने होत होता.

एक फूट गेलं. माती ओलसर. दोन फूट. चिखल. लोक एकमेकांच्या खांद्यांवरून वाकू लागले. खोदणाऱ्याने कडेला पहार घातली, काहीतरी टणक लागलं, त्याने जोर लावला, आणि भसकन पाणी!

असा गलका उठला की कोपऱ्यावरचा रिक्षावाला रिक्षा तशीच सोडून धावत आला. "पाणी! पाणी आलं!" स्वच्छ, थंड पाणी! हंबीररावांनी हणमंतरावांना मिठी मारली. बायका कळश्या घेऊन आल्या, पुरुष बादल्या, कोणी प्रेशर कुकर आणला. खड्डा भरायचा, उपसायचे, पुन्हा भरायचा. खोलीपासून तिसऱ्या गल्लीपर्यंत माणसांची साखळी लागली. अध्यक्ष म्हणून हंबीररावांनी आधी स्वतःची तीन पिंपं भरून घेतली आणि मग रांगेची शिस्त लावायला उभे राहिले.

आता खरं सांगायचं तर हणमंतरावांना एक गोष्ट दिसली होती. विहिरीचं पाणी खालून पाझरतं. हे पाणी बाजूने येत होतं. भिंतीच्या बाजूने, एका भोकातून, चांगली मुठीएवढी धार धरून. शंका त्यांच्या ओठांवर आली होती. पण समोरून एक म्हातारी काठी टेकत आली, तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शंभर वर्षं जग रे बाबा, आज आठवड्याने डोक्यावरून न्हायले." आता अशा वेळी कोण शंका काढतं! तपासनिसाने आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांना दिसलेला दोष गिळला.

तासाभराने धार बारीक झाली. मग थेंब थेंब. मग तेही थांबलं.

"श्वास घेतंय पाणी," हंबीरराव म्हणाले. "परत येईल."

आणि तेवढ्यात आतल्या दारातून भूमिका बाहेर आली. अंगावर गाऊन, डोक्यावर शाम्पूचा हा एवढा फेस! फेस कानावरून ओघळत होता, एक डोळा मिटलेला, दुसरा लाल.

"अप्पा," ती तीस माणसांसमोर ओरडली, "नळ बंद पडलाय! सकाळीच टँकर आला ना? पाणी गेलं कुठं?"

रत्नाबाई तिच्या मागेच होत्या. त्यांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा लेकीच्या फेसाकडे, एकदा नवऱ्याकडे. मग कमरेची किल्ली काढून नवऱ्याच्या हातात दिली. "बघा," एवढंच म्हणाल्या.

हणमंतराव फाटकापाशी गेले. टाकी खोलीच्या त्या भिंतीला लागूनच होती. झाकण उघडून ते पोटावर पडले आणि बॅटरी आत मारली. तळ कोरडा! अगदी झाडून काढल्यासारखा. आणि खोलीकडच्या बाजूला, अगदी तळाशी, मुठीएवढं भोक. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. उजेडात एक डोळा. डोळ्याखाली काळ्याभोर मिशीचं टोक.

खड्ड्यात उतरलेल्या हंबीररावांनी भोकातून त्यांच्याकडे पाहिलं.

"अण्णा!" ते आश्चर्याने ओरडले. "तुम्ही विहिरीच्या आत कसे पोचलात?"

हणमंतराव उठले. कपडे न झटकता खोलीत आले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पळून जावंसं त्यांना फार वाटलं, पण दारात भूमिका उभी होती, आणि फेस आता तिच्या भुवईपर्यंत आला होता.

"लोकहो," ते म्हणाले, "हे पाणी जमिनीचं नाही. माझंच आहे. टाकीला तडा होता, पाणी महिनोन्महिने झिरपत होतं. तेच थेंब प्लास्टिकला आले. आज पहारेने तड्याचं भोक झालं. मला ते मघाशीच दिसलं होतं. मी बोललो नाही. टाळ्या सोडवेनात. खोलीसुद्धा माझी नव्हती द्यायला. ती हिची आहे." आणि हार नसलेल्या छातीशी हात नेऊन ते लेकीला म्हणाले, "चुकलं माझं."

लोक हेलावले असतील असं तुम्हाला वाटेल. थोडे हेलावलेही. पण "तुमचंच पाणी" हे शब्द कानावर पडताच ज्याने त्याने आपापली कळशी कमरेवर घट्ट धरली आणि मिनिटाभरात खोली रिकामी झाली! रत्नाबाई मागोमाग घरोघरी जाऊन आल्या. एका घरी आजीला न्हाऊ घातलं होतं, एका घरी गाडी धुतली होती, एका घरी तर त्या पाण्याचा देवावर अभिषेक होऊन ते तीर्थ म्हणून पोटातही गेलं होतं. शेवटी भूमिकाचं डोकं धुवायला हंबीररावांच्या बायकोने दोन बादल्या दिल्या. त्यांच्याच पिंपातल्या, म्हणजे हिच्याच टाकीतल्या.

राहता राहिले अज्ज. ते पायरीवर बसून पिशवीत नारळ ठेवत होते. हणमंतराव त्यांच्यावर उसळलेच. "तीनदा मोजलं मी! तीनदा! तुमच्या नारळाने फसवलं!"

"कुठं फसवलं, सामी?" अज्ज शांतपणे म्हणाले. "पाणी आहे एवढं नारळ सांगतो. पाणी होतं का नव्हतं? कुणाचं आहे, ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार?"

हणमंतरावांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला.

नागराजला बोलावलं. त्याने आधी रिकाम्या टाकीत डोकावून पाहिलं, मग खड्ड्यात, मग हणमंतरावांकडे. "सार, मी म्हटलं होतं ना, टाकी बघा?" टाकीला आतून गिलावा झाला, खड्डा बुजवून वर नवा कोबा झाला. पण ओलं सिमेंट वाळायला महिना हवा. "टाइल नंतर," नागराज म्हणाला. "ग्राइंडिंग मात्र झकास केलंय हां, सार. मनापासून सांगतो." हणमंतराव खूश झाले. "फक्त या कोपऱ्याशी जुळवायला सगळं परत करावं लागेल."

अक्षय्य तृतीयेला सकाळी दहा वाजता दवाखाना उघडला. कोब्यावर घरातले सगळे जमखाने अंथरले होते. कोपऱ्यावर पाट उभा करून ठेवला होता, कोणी तिकडे जाऊ नये म्हणून. रत्नाबाईंनी आंब्याची डाळ आणि पन्हं केलं होतं. पहिल्या दिवशी कोण येतंय, म्हणून भूमिका पांढरा कोट घालून दाराशी उभी राहिली. हणमंतराव तिच्याकडे बघायचं टाळत पन्ह्याचे पेले पुसत होते.

सव्वादहाला फाटक वाजलं. हंबीरराव! एक खांदा दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली. त्यांच्यामागे कुकरवाले, कंबरेत वाकलेले. त्यांच्यामागे रिक्षावाला, मान डावीकडे अडकलेली. त्यांच्यामागे चार बायका, एकमेकींना धरून. अख्ख्या लेनने आयुष्यात पहिल्यांदा तासभर कळश्या-बादल्या उपसल्या होत्या, आणि पाच दिवस झाले तरी कोणाचा एकही स्नायू जागेवर आला नव्हता! रांग फाटकाबाहेर गेली. भूमिका एकेकाला टेबलावर घेत होती, दाबत होती, वळवत होती. "आई गं" आणि "अय्यो" असे आवाज दोन्ही भाषांतून आळीपाळीने येत होते. दुपारपर्यंत तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की हणमंतरावांना दाराआड जाऊन डोळे पुसावे लागले.

रांगेच्या शेवटी ते स्वतः उभे राहिले. ग्राइंडरने त्यांची कंबर कधीचीच धरली होती, पण सांगायला तोंड नव्हतं. भूमिकाने त्यांना पालथं झोपवलं, पाठीवर अंगठा रोवला आणि त्यांना तारे दिसले.

"माफ केलंस का गं मला?" उशीत तोंड खुपसून त्यांनी विचारलं.

"आधी कंबर, मग माफी," ती म्हणाली. पण हात हलका झाला होता.

मग तिने नवं कोरं लेटरहेड काढलं. दवाखान्यातलं पहिलं लेखी औषध! बाकीच्यांना तोंडी सांगून पाठवलं होतं. हणमंतरावांना गहिवरून आलं. पहिला मान बापाला! तिने सही केली, तारीख घातली आणि कागद त्यांच्या डोक्यावरून सरळ रत्नाबाईंच्या हातात दिला.

रत्नाबाईंनी तो मोठ्याने वाचला. "पेशंटने वाकू नये. वजन उचलू नये. घरातलं कुठलंही काम स्वतः करू नये. मुदत, आजन्म."

हणमंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद हातात घेतला, वरून खाली दोनदा तपासला. त्यांना त्यात एकही खोट सापडली नाही.